सहा बाय चारचे नाना

आमच्या घरात कोणी काय बोलायचं याला मनाई नव्हती, पण कोणी कधी बोलायचं हे ठरलेलं होतं. आधी आबा, म्हणजे माझे वडील. ते थांबले की मग बाकीचे. आई बोलायची ती माझ्याकडे बघून, पण ऐकायचं असायचं आबांनी. "यांना सांग, गॅस संपत आलाय," असं ती मला म्हणे तेव्हा आबा माझ्या शेजारीच पाटावर जेवत असत. मी निरोप सांगायची नाही, कारण तो पोचलेला असे. मानाने सर्वांत वर होते ते आबांचे थोरले भाऊ नाना. पण नाना फारसे बोलतच नसत, त्यामुळे ती वरची जागा रिकामीच राहून गेली होती.

भूगावात तेव्हा आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना बांधकामं चालली होती. सकाळी जाग यायची ती सिमेंट कालवायच्या मिक्सरच्या घरघरीने, आणि दुपारी कुठेतरी बोअर मारायचं मशीन सुरू झालं की मांडणीतली भांडी थरथरायची. पुढच्या जागेत आबांनी सहा खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. मागच्या बाजूला गोठा होता, पण बैल विकले गेले होते. त्या रिकाम्या गोठ्याच्या दारात नाना दोर वळत बसत. पोत्यांच्या सुतळ्या उसवून, पाण्यात भिजवून, पायाच्या अंगठ्यात एक टोक धरून त्यांचे हात चालू असत. बैलच नाहीत तर दोर कशाला, असं त्यांना कोणी विचारत नसे. संध्याकाळी आई हुलग्याचं माडगं करायची, तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी असायची. नाना ताट पुसून खात आणि हात धुतले की पुन्हा गोठ्याच्या दारात. त्यांना विसर पडायला लागला होता. मला ते कधी माझ्या नावाने, कधी आत्याच्या नावाने हाक मारत. आत्या लग्न होऊन गेली त्याला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती. मी दोन्ही हाकांना ओ द्यायची.

ते दोर मी फ्लेक्स बांधायला दुकानात नेत असे. बारावीनंतर डीटीपीचा कोर्स करून मी चौकाजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागले होते. मालक शिरीष सर पुण्याचे, कोथरूडहून रोज स्कूटरवर येत. जाहिरात कंपनीत नोकरी करून कंटाळले आणि इकडे मशीन टाकलं, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं होतं. फ्लेक्स म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, यात्रा, कुस्त्या, नवा प्लॉटिंगचा प्रकल्प आणि श्रद्धांजली. या पाचांपलीकडे काम क्वचित येई. पण सर प्रत्येक कामाला ब्रेनस्टॉर्मिंग करायला लावत. कागदाला तीन घड्या घालायच्या म्हणजे आठ चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत एक कल्पना, चित्र काढून. घड्याळ लावायचं, हात थांबवायचा नाही. दुसरा प्रकार असा, की मोठ्या कागदाच्या मध्यभागी एक शब्द लिहायचा, त्याभोवती गोल काढायचा आणि सुचेल तो शब्द फांदीसारखा जोडत जायचा. तिथे सगळ्यांनी बोलायचं. एकच नियम सर कडक पाळायला लावत. कुणी काहीही म्हटलं तरी ते लिहायचं. 'छे', 'असं कुठे असतं का', हे शब्द त्या वेळी कोणी काढायचे नाहीत, आणि लिहिलेलं काही खोडायचं नाही. "पहिली चौकट सगळ्या गावाची असते, वैशाली," ते म्हणायचे. "ती आपल्याला सुचलेली नसते, फक्त आठवलेली असते. तुमची तुम्हाला पाचव्या-सहाव्या चौकटीत सापडायला लागते."

मला हे पटलं होतं, कारण मला मोजता येण्यासारखं काही दिलं की पटतं. पण गिऱ्हाईक आलं की ते पहिल्याच चौकटीवर बोट ठेवी. भाऊंचा वाढदिवस म्हणजे फेटा, मागे सूर्याची किरणं, कोपऱ्यात वाघ. एकदा मी आठव्या चौकटीतलं, नुसत्या हिरव्या भाताच्या खाचरावर भाऊंचं नाव, असं काहीतरी दाखवलं. काम घेऊन आलेला भाऊंचा कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, "ताई, छान हाय. पण भाऊ वारले असं वाटतंय." सर आतल्या खोलीत जाऊन हसले. आज माझी मुलगी महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये माझ्यासमोर बसून हेच काम करते. एक ओळ टाईप केली की तिच्या पडद्यावर चाळीस नमुने येतात. तिचंही गिऱ्हाईक पहिलाच निवडतं.

एका सकाळी नाना गोठ्याच्या दारात नव्हते. भिजवलेल्या सुतळ्या घमेल्यात तशाच होत्या. दुपारपर्यंत कोणाला काही वाटलं नाही. संध्याकाळी आईने त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि ते उघडलं गेलं नाही, तेव्हा आबा टॉर्च घेऊन निघाले. पुढे काही दिवस मोटारसायकली चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंत फिरल्या. सगळ्या बांधकामांवर विचारून झालं, ससूनला जाऊन आले, पोलिसांत नोंद केली. हे किती दिवस चाललं तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. आईचा आणि आबांचा आकडा वेगळा येतो, आणि पडताळायला आता काही साधन नाही. ताट मात्र आई रोज झाकून ठेवायची आणि सकाळी खोल्यांतल्या बिगाऱ्याच्या बायकोला द्यायची, हे मी पाहिलं आहे.

मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी जे शिकले होते ते केलं. दुकानातून वाया गेलेल्या फ्लेक्सचा मोठा तुकडा आणला, उलट्या पांढऱ्या बाजूने माजघरात अंथरला, मध्ये 'नाना' लिहिलं आणि भोवती गोल काढला. आबा, आई आणि भावकीतले दोघे-तिघे चुलते भोवती बसले. मी नियम सांगितला. नाना कुठे जाऊ शकतात, त्यांना काय आवडतं, काय आठवत असेल, मनात येईल ते बोला, मी लिहिणार. सगळे आबांकडे बघत होते. आबा म्हणाले, "तालमीच्या पारावर." मी लिहिलं. एक चुलते म्हणाले, व्हय, तालमीच्या पारावर. दुसरे म्हणाले, पारावरच. तालमीच्या पारावर तर आम्ही पहिल्याच दिवशी बघून आलो होतो. मी म्हटलं, दुसरं काहीतरी सांगा, चुकीचं चालेल. तेव्हा एक चुलते म्हणाले, बैल विकले त्या घोटावड्याच्या माणसाकडं. आबा म्हणाले, "छ्या. त्यो माणूस तरी हाय का जित्ता?" झालं. नियम मोडला होता, आणि आबांना नियम सांगणारी मी कोण?

मग आई माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना सांग, भावजींच्या सासरवाडीला बघायला पाहिजे."

नानांची बायको, जिला आम्ही नानी म्हणत असू, ती मी पाळण्यात असताना गेली. मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर कोळवणच्या वरच्या अंगाला एका वाडीवर. नानी गेल्यावर जाणं-येणं बंद पडलं होतं. मी 'सासरवाडी' लिहिलं. आबांनी माझ्या हातातलं स्केचपेन घेतलं. "बायको जाऊन वीस वर्सं झाली. आन् स्वतःचं घर सापडंना त्याला, कोळवण सापडंल व्हय? एष्टीचं तिकीट काढता येतंय का त्याला?" असं म्हणत त्यांनी त्या शब्दावर सरळ रेघ मारली. ती रेघ रागाची नव्हती. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं तर्काला धरूनच होतं. आई उठली आणि चहा टाकायला गेली. तुकड्यावर शेवटी सात-आठ शब्द उरले, आणि ते सगळे आम्ही आधीच बघून आलेल्या जागांचे होते. एका छताखाली इतकी वर्षं राहिलेल्या माणसाबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं.

निर्णय झाला तो फ्लेक्स लावायचा. तो मीच करायचा हे उघड होतं. नानांचा एकटा फोटो नव्हता. एका लग्नातला गटाचा मिळाला, त्यात त्यांनी फेटा बांधलेला होता. तो मी कापून मोठा केला. शेजारच्या माणसाचा खांदा त्यांच्या कानाखाली राहिला, तो निघेना. दुकानात मी कागदाला तीन घड्या घातल्या आणि आठही चौकटी भरल्या. सर मागे उभे राहून बघत होते. सहावी चौकट चांगली होती. रस्त्यावरच्या पाटीसारखी पिवळी जमीन, वर एक फूट उंचीच्या काळ्या अक्षरांत 'हरवले आहेत', खाली चेहरा आणि फोन नंबर, बस. दहा फुटांवरून वाचता यायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं, हा सरांचा हिशोब. चौकात गाडीवरचा माणूस साठ-सत्तर फुटांवरून बघणार, म्हणजे माझी अक्षरं त्याला आरामात दिसली असती.

आबांना तो नमुना मी घरी आणून दाखवला. "पिवळं कशापायी? नानाची हळद हाय का?" मग नावात 'श्री.' हवं. 'श्री.' नसेल तर थोरल्या माणसाचा अपमान. मग भावकी आली. ज्या चुलत्यांनी मोटारसायकली फिरवून दिवस घालवले होते, त्यांचं म्हणणं, आमची नावं कुटं हायेत? आबांनाही ते पटलं. आमच्याकडे फ्लेक्सवर ज्याचं नाव नाही तो कार्यात नाही असा अर्थ होतो, आणि नंतर तो खरंच नसतो. नावं लिहायची तर वयाच्या क्रमाने, नाहीतर दुसरं भांडण. मी आबांना म्हटलं, अक्षरं लहान होतायत, लांबून वाचता येणार नाहीत. आबा म्हणाले, "फोटू दिसतोय न्हवं? मग लोकांना कळतंय." मी हिशोब करून दाखवला. चोवीस चौरस फुटांतले दहा फूट नावांनी खाल्ले होते आणि 'हरवले आहेत' चार इंचांवर आलं होतं. चाळीस फुटांच्या पलीकडे ते नुसती रेघ दिसणार. आबांनी हिशोब नीट ऐकून घेतला. डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसू नये म्हणून ते खांबाकडे तोंड करून म्हणाले, "वैशे, माणूस गेलाय. तू इंच मोजू नगंस."

सहा बाय चार, पांढरी जमीन, मधोमध फेट्यातले नाना, खाली दोन रांगांत भावकी. नानांच्याच दोरांनी तो चौकातल्या लोखंडी चौकटीला बांधला. बांधून रस्त्याच्या पलीकडे गेले आणि वळून पाहिलं, तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे. या मुलखात असा फ्लेक्स एकाच प्रसंगी लागतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बायका आल्या त्या दारातच हंबरडा फोडून आल्या. आईने त्यांना सांगितलं, सापडत न्हाईत, गेलं न्हाईत. त्यांतल्या एकीचा त्यावर विश्वासच बसेना. ती आईलाच समजावू लागली की मनाला लागलं की असं होतं, रडून घे. पुरुष टोप्या काढून ओट्यावर बसत आणि सावडायचं कधी म्हणून विचारत. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दोन घरांतून पिठलं-भाकरी बांधून आली. ती टोपली घ्यायची म्हणजे नाना गेले हे मान्य करायचं. आईने टोपलीला हात लावला नाही. आमच्याकडे गॅस होता. पण तिने मागच्या दारची जुनी चूल सारवली, ओली लाकडं घातली आणि पेटवली. रस्त्यावरून दिसेल असा धूर दिवसभर निघत राहिला. मोठ्या पातेल्यात ती नुसतं पाणी उकळत होती. पुढून कोणी रडत आलं की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग त्यांना, आमच्यात चूल पेटलीय." सांगून सांगून माझा घसा बसला. सांगितलेलं ऐकून लोक पुन्हा रस्त्यावर जात आणि तोच फोटो बघून नमस्कार करीत.

तिसऱ्या प्रहरी आबा म्हणाले, काढ तो. मी दुकानातला कटर घेऊन चौकात गेले, ते बरोबर आले. स्टुलावर चढून मी वरच्या दोराला पातं लावलं आणि मागे जीप थांबली. कोळवणकडची जीप, माणसं टपावर. पुढच्या सीटवरून नानीचे भाऊ दगडूमामा उतरले. त्यांनी आधी हात जोडले नाहीत, काही विचारलं नाही. वळून आतल्या माणसाला हात दिला. नाना उतरले. अंगात नवा कोरा सदरा, डोक्यावर नवी टोपी.

"आबा, दाजी जितं हायेत," दगडूमामा म्हणाले. "दाखवाया घिऊन आलोय."

झालं ते असं. नाना रस्त्यात कुठल्यातरी जीपला हात करून बसले आणि कोळवणला उतरले. वाडीची पाऊलवाट त्यांच्या पायांना पाठ होती. मेहुण्याच्या दारात वीस वर्षांनी जावई आला. जावयाला का आलात, कधी जाणार असं कोणी विचारत नाही. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, खेकड्यांचं कालवण केलं, सदरा शिवून घेतला, आणि दाजी राहतायत तर राहू देत म्हणून गप्प बसले. तिथे फोनला रेंज नव्हती. असती तरी, "जावई आलाय म्हणून त्याच्या घरी कळवायचं म्हंजी, घिऊन जा म्हणल्यासारखंच की वो," असं दगडूमामा नंतर आईला म्हणाले. कोळवणच्या एका दूधवाल्याने टेम्पो घेऊन भूगावातून जाताना फ्लेक्स पाहिला आणि फोटोतला वाडीचा जावई ओळखला. तो थांबला नाही, वरची अक्षरं त्याने वाचली नाहीत. हरवलेल्या माणसाची बातमी कोणी डोंगरावर नेत नाही. पण मयताचा सांगावा सासरवाडीला पोचवावाच लागतो. तो वाडीवर चढून गेला आणि तुमचे जावई गेले म्हणून सांगू लागला. त्या वेळी नाना चुलीपाशी बसून भात खात होते.

मी स्टुलावरच होते. आबा भावाकडे बघत राहिले, पुढे झाले नाहीत. नाना फ्लेक्सकडे बघत होते. मग त्यांनी टोपी काढली आणि फोटोला नीट हात जोडले.

"कोण गेलं गं?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी न्हाई, नाना. तुमीच हाय ते."

त्यांनी पुन्हा पाहिलं. मला वाटतं त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं, फक्त ते त्यांच्या कामाचं नव्हतं. "मोठी भावकी हाय," ते नावांच्या रांगा बघून म्हणाले. "चांगला असंल माणूस." मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कटरकडे गेली आणि चेहरा एकदम बदलला. "ए पोरी, दोर कापू नगंस. गाठ सोड." ते पुढे आले, खालच्या कोपऱ्याची गाठ त्यांनी बोटांनी चाचपली आणि एका झटक्यात सोडवली. मग दुसरी. वरच्या दोन मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडवल्या. दोर त्यांनी कोपरावर गुंडाळून घेतले. फ्लेक्स तसाच खाली पडला होता, त्यावरून चालत ते आबांजवळ गेले आणि म्हणाले, "बैलं कुटं हायेत?" आबांनी नानांचा हात धरला आणि दोघं घराकडे चालू लागले. मागच्या दाराचा धूर लांबून दिसत होता.

नाना पुढे काही वर्षं जगले, घरीच. गेले ते एका दुपारी, गोठ्याच्या दारात. तोवर माझं लग्न झालं होतं, पण दुकानात मी जात होते. आबांचा फोन आला. बातमी सांगून झाल्यावर ते म्हणाले, "त्योच काढ, वैशे. वरचं तेवढं बदल." फाइल कॉम्प्युटरवर होती. मी ती उघडली नाही. कागद घेतला, तीन घड्या घातल्या. पहिल्या चौकटीत ते सगळ्या गावाचंच आलं. मग मी दुसरीत एक गोठा काढायला घेतला, हात थांबला, घड्याळ चालू राहिलं. सर बाजूच्या खुर्चीवर बसून होते. म्हातारे झाले होते तेही. "राहू दे," ते म्हणाले.

मी फाइल उघडली आणि वरचे दोन शब्द बदलले. भावकीची नावं वयाच्या क्रमाने होती तशीच राहिली. त्यांतले दोघे आता नव्हते, ती तेवढी काढली. कानाखालचा परका खांदा निघाला नाही. संध्याकाळी चौकात बांधायला दुकानातून नायलॉनची दोरी दिली होती, ती मी परत केली आणि गोठ्यात खुंटीला टांगलेले दोर आणले. चारही गाठी मी स्वतः मारल्या, ओढल्या की सुटतील अशा.